4–0: अ‍ॅलेगेनी क्लबचा 1892 चा हंगाम आणि गार्डला मिळालेले 500 डॉलर

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात 12 नोव्हेंबर 1892 ची तारीख नेहमी भेटते. अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने त्या दिवशी पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लबला 4–0 असं हरवलं आणि त्यासाठी विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर यांना 500 डॉलर मोजले. मग 4–0 हा आकडा आला कुठून? एवढी रक्कम चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला न देता गार्डला, म्हणजे पुढच्या रांगेत मधोमध झुंजणाऱ्या खेळाडूला, का दिली? आणि एका सामन्यावर इतका खर्च करून क्लबाच्या हाती काय लागलं?

आधी सरळ उत्तरं देतो. टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेणं, तेव्हा 4 गुणांचं होतं. त्या वर्षीच्या नियमांनुसार सामना रांगेच्या मधोमध जिंकला जाई आणि तिथला देशातला सर्वांत तरबेज माणूस हेफेलफिंगर होता. आणि क्लबाला तोटा झाला नाही, 621 डॉलर 50 सेंट शिल्लक राहिली. पण ही तीन उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे ती सुटी सुटी वाचली तर चित्र चुकतं. पैसा का दिला गेला हे कळायचं तर आधी नियम कळायला हवेत.

आजचा खेळ डोक्यातून पूर्ण काढून टाका. 1892 मध्ये मैदान 110 यार्ड लांब आणि 53⅓ यार्ड रुंद होतं, म्हणजे साधारण 100 बाय 49 मीटर. दोन्हीकडे 11 खेळाडू. 45 मिनिटांचे दोन हाफ. पुढे फेकायचा पास नव्हताच, तो 1906 मध्ये आला. चेंडू आपल्याकडे ठेवायचा तर तीन डाउनमध्ये (म्हणजे तीन प्रयत्नांत) 5 यार्ड, म्हणजे साडेचार मीटर, पुढे सरकावं लागे. आजच्या चार डाउनमध्ये 10 यार्डांच्या तुलनेत हे सोपं वाटेल, पण पास नसल्यामुळे बचाव करणाऱ्यांना मागे खोल उभं राहण्याची गरजच नव्हती. सगळे चेंडूपाशी दाटून उभे राहत.

दोन रांगांमध्ये आज जी मोकळी पट्टी ठेवतात, तीही तेव्हा नव्हती. खेळाडू अक्षरशः नाकाला नाक लावून उभे असत. बदली खेळाडू फक्त कुणी जखमी झाला किंवा पंचांनी बाहेर काढला तरच येई, आणि एकदा बाहेर गेलेला परत येत नसे. म्हणजे ज्या अकरा जणांनी सुरुवात केली, त्यांनीच आक्रमण करायचं, त्यांनीच बचाव करायचा आणि दीड तास उभं राहायचं. हेल्मेट नव्हतं. डोक्याला आधार म्हणून केस वाढवायचे, अंगात कॅनव्हासचं घट्ट बांधलेलं जाकीट घालायचं, कुणी कुणी रबराचा नाकरक्षक लावायचे.

आता या चौकटीत 5 यार्ड कसे मिळवायचे? उत्तर एकच: गर्दी करून मधून घुसायचं. सेंटर, म्हणजे रांगेतला मधला खेळाडू, चेंडू मागे सोडतो, तो त्याच्या मागच्या क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पण तो पहिला झेलणारा स्वतः चेंडू घेऊन दोन संघांमधल्या रेषेपलीकडे जाऊ शकत नसे. त्याला तो मागे उभ्या असलेल्या हाफबॅककडे किंवा फुलबॅककडे द्यावाच लागे. मग ज्याच्या हाती चेंडू आला त्याच्यापुढे आणि बाजूंनी साथीदार धावत, त्याला ढकलत, ओढत नेत. म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू रेषेच्या मागे दोनदा हात बदलणार, आणि हे सगळं समोरची रांग अंगावर येत असताना. समोरचा एक जरी माणूस त्या क्षणी मधून फुटून आत शिरला, तर चेंडू सुटलाच समजा. जुन्या सामन्यांच्या वर्णनांत फम्बल (हातून चेंडू सुटणं) इतके का दिसतात, याचं कारण हे आहे. खेळाडू अनाडी नव्हते, रचनाच तशी होती.

मधून फुटून आत शिरायचं काम गार्डचं. सेंटरच्या दोन्ही बाजूंना तो उभा असतो, म्हणजे जिथे बहुतेक चाली आदळतात त्याच जागी. येल विद्यापीठाकडून 1889, 1890 आणि 1891 अशी सलग तीन वर्षं ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात) निवडले गेलेले हेफेलफिंगर सव्वासहा फूट उंच होते, वजन 200 पौंडांच्या आसपास, म्हणजे 90 किलो. आज हे वजन गार्डला हलकं ठरेल, त्या वेळी भारी होतं. पण नुसत्या वजनाला कोणी 500 डॉलर देत नाही. त्यांचं वेगळेपण हालचालीत होतं. आक्रमणात आपली जागा सोडून ते मागून वळसा घेत आणि पळणाऱ्याच्या पुढे धावत वाट मोकळी करत. गार्डने असं रांगेतून निघून पुढे धावणं आज प्रत्येक संघाच्या चालींत आहे, आणि त्याच्या सुरुवातीचं श्रेय सहसा त्यांनाच दिलं जातं. बचावात, समोरचा संघ पाचरीसारखी रचना करून आला की गुडघे पुढे घेऊन त्या पाचरीच्या टोकावर उडी मारण्यासाठी ते प्रसिद्ध होते. टोकाचा माणूस पडला की मागची सगळी रचना त्याच्यावर कोसळते. धोकादायक प्रकार होता, पण नियमात बसत होता.

पळणारा कितीही वेगवान असला तरी वाट नसेल तर तो काय करणार? हा विचार अ‍ॅलेगेनीच्या व्यवस्थापकाने, ऑलिव्हर डी. थॉम्पसन यांनी केलेला दिसतो. थॉम्पसन स्वतः येलचे, वॉल्टर कॅम्प यांच्याबरोबर खेळलेले. या खेळाचे नियम ज्यांनी घडवले त्यांच्या शेजारी उभं राहून खेळलेल्या माणसाला पैसे कुठे लावायचे हे नेमकं ठाऊक असणारच.

आता वैराकडे येऊ, कारण वैर नसतं तर ही रक्कम उभीच राहिली नसती. अ‍ॅलेगेनी हे तेव्हा पिट्सबर्गच्या नदीपलीकडचं स्वतंत्र शहर होतं. 1907 मध्ये ते पिट्सबर्गमध्ये विलीन झालं, आज तो नॉर्थ साइडचा भाग आहे. तिथल्या क्लबाने 1890 मध्ये फुटबॉल संघ काढला. नदीच्या अलीकडे ईस्ट एंडच्या व्यायामशाळेच्या क्लबाने पाठोपाठ संघ उभा केला, आणि 1892 मध्ये त्याचंच नाव पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब झालं. दोन्ही क्लब हौशी म्हणवणारे. वर्गणी भरणारे सभासद, त्यांच्यातूनच संघ, आणि वर अमेच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनचा डोळा. ही संघटना 1888 मध्ये स्थापन झाली होती आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याला ती बाहेर काढू शकत होती.

हौशीपणाची ही अट पाळली जाते असं दाखवण्याचे मार्ग मात्र बरेच होते, आणि ते समजून घेतले तर 1892 चा सगळा वाद उलगडतो. एक मार्ग नोकरीचा: चांगल्या खेळाडूला क्लबाने कुठेतरी काम लावून द्यायचं. दुसरा बक्षिसाचा: सामन्यानंतर खेळाडूला सोन्याचं घड्याळ द्यायचं, तो ते गहाण टाकून पैसे घेणार, क्लब तेच घड्याळ सोडवून पुढच्या सामन्यानंतर पुन्हा त्यालाच देणार. तिसरा दुप्पट वाटखर्चाचा. चौथा, आणि पिट्सबर्गला लागू पडणारा, प्रशिक्षकाचा. त्यांचे व्यायाम-प्रशिक्षक विल्यम किर्शनर संघातून खेळत. अ‍ॅलेगेनीवाल्यांची तक्रार अशी की फुटबॉलच्या दिवसांत किर्शनर यांचे वर्ग कमी होतात आणि पगार मात्र वाढतो. हिशेबाने पाहिलं तर तक्रारीत दम होता: काम घटून पगार वाढत असेल तर तो पगार कशाचा?

हंगामातली पहिली गाठ 21 ऑक्टोबरला पडली. कोलंबसाच्या सफरीला 400 वर्षं झाली म्हणून तो दिवस देशभर सुट्टीचा होता. अशा सुट्ट्या क्लबांसाठी सोन्याच्या, कारण खेळणारेही नोकरदार आणि पाहणारेही. पिट्सबर्गच्या मैदानावर 3,000 हून जास्त लोक आले आणि सामना 6–6 बरोबरीत सुटला. सामन्यानंतर कळलं की पिट्सबर्गकडून ‘स्टेयर’ या नावाने खेळलेला माणूस खरं तर पेन स्टेट कॉलेजचा कर्णधार ए. सी. रीड होता. झालं, अ‍ॅलेगेनीत संताप उसळला. पण त्या संतापाचा शेवट असा झाला की आपणही तेच करू, आणि मोठ्या प्रमाणावर करू.

हेफेलफिंगर त्या वेळी ओमाहाला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते, आणि रजा घेऊन शिकागो अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या संघाबरोबर पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघाले होते. पिट्सबर्ग क्लब त्यांना आणि त्यांचा संघातला साथीदार नोल्टन ‘स्नेक’ एम्स याला 250 डॉलर देऊ करत असल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. अ‍ॅलेगेनीने मग आकडा 500 वर नेला. रक्कम इतकी का? कारण हौशी हा दर्जा एकदा गेला की परत मिळत नाही, आणि ती जोखीम घ्यायची तर किंमतही तशीच हवी. कारखान्यातल्या सामान्य कामगाराची वर्षभराची कमाई त्या काळी साधारण याच घरातली होती. याच वर्षी जुलैमध्ये पिट्सबर्गशेजारी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीवरून रक्त सांडलं होतं, हे लक्षात ठेवलं तर एका दुपारच्या 500 डॉलरांचं वजन कळतं.

सामन्याच्या दिवशी, शनिवारी, अ‍ॅलेगेनीच्या रिक्रिएशन पार्कवर पिट्सबर्गच्या खेळाडूंनी समोर सरावाला उतरलेला संघ पाहिला. त्यात हेफेलफिंगर, बेन ‘स्पोर्ट’ डॉनेली आणि एड मॅली असे शिकागोच्या दौऱ्यातले तिघे. पिट्सबर्गचा संघ मैदान सोडून निघाला. अ‍ॅलेगेनीचं प्रत्युत्तर: बाहेरचे खेळाडू तुम्हीही आणलेत. वादावादीत बराच वेळ गेला. शेवटी तोड निघाली ती अशी, की सामना प्रदर्शनीय समजायचा आणि लावलेल्या सगळ्या पैजा रद्द.

इथे नोव्हेंबरातल्या उजेडाचा हिशेब करावा लागतो. त्या अक्षांशावर त्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मैदानावर दिवे नव्हते. म्हणून 45 मिनिटांचा हाफ 30 मिनिटांवर आणला. 90 मिनिटांचा सामना 60 वर आला याचा परिणाम थेट खेळावर झाला. बदली खेळाडू नसलेल्या खेळात शेवटच्या अर्ध्या तासातच थकव्याने रांगा फुटतात आणि गुण मिळतात. तो अर्धा तासच गेला, त्यामुळे कमी गुणांचा सामना होणं अपेक्षितच होतं.

एकमेव टचडाउन हेफेलफिंगर यांनीच केलं, आणि वर सांगितलेल्या कारणानेच. चेंडू पिट्सबर्गकडे होता. हेफेलफिंगर रांग फोडून आत शिरले, पळणाऱ्यावर आदळले, चेंडू सुटला, त्यांनीच तो उचलला आणि गोलरेषेपर्यंत पळत गेले. हे अंतर सहसा 35 यार्ड सांगतात, काही वर्णनांत 25. टचडाउनचे 4 गुण झाले. त्यानंतर गोलखांबांमधून चेंडू किक मारून गोल करायची संधी होती, त्याचे 2 गुण मिळाले असते, पण तो गेला नाही. म्हणून 4–0.

गोल हुकण्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. आज टचडाउननंतरची किक गोलखांबांच्या समोरून मारतात. तेव्हा चेंडू गोलरेषेपलीकडे जिथे टेकवला, त्या जागेतून रेषेला काटकोनात मैदानात आणून तिथून मारावी लागे. कोपऱ्याजवळ टचडाउन झालं तर कोन इतका वाईट की किक जवळपास वाया. पर्याय म्हणून गोलरेषेवरून चेंडू आपल्याच माणसाकडे पंट करून (हातातून सोडून लाथेने उडवून) पाठवता येई आणि त्याने तो स्वच्छ झेलला तर तिथून किक घेता येई, पण झेल सुटला की संधी संपली.

जुने स्कोअर वाचणाऱ्यांनी गुणांची ही सारणी हाताशी ठेवावी. 1884 पासून टचडाउन 4, त्यानंतरचा गोल 2, फील्ड गोल (खेळ चालू असताना किकने केलेला गोल) 5, सेफ्टी (चेंडू असलेला संघ स्वतःच्याच गोलरेषेमागे अडवला जाणं) 2. शतक संपता संपता टचडाउन 5 आणि गोल 1 झाला. फील्ड गोल 1904 मध्ये 4 वर आणि 1909 मध्ये 3 वर आला. टचडाउनचे 6 गुण, चौथा डाउन आणि 100 यार्डांचं मैदान हे 1912 चं. सर्वांत जास्त चूक होते ती आकड्यावरून घटना ठरवताना. 1892 मधला 8 हा आकडा दिसला की लोक दोन टचडाउन धरून चालतात. पण एक टचडाउन, त्याचा गोल आणि एक सेफ्टी यांचेही 8 होतात. 6 म्हणजे टचडाउन आणि गोल असेल, किंवा टचडाउन आणि सेफ्टी. चालीचं वर्णन हाती नसेल तर फक्त आकडा सांगा, पुढे जाऊ नका.

आता जमाखर्च. हा कागद ओहायोतल्या कॅन्टनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत बोलका पुरावा आहे. जमा बाजूला तिकिटांचा गल्ला 1,683 डॉलर 50 सेंट. खर्च बाजूला पाहुण्या संघाला हमीचे 428, मैदानाचं भाडं 50, तिन्ही बाहेरच्या खेळाडूंचा वाटखर्च 75, त्यांचं हॉटेल बिल 9, आणि हेफेलफिंगर यांना खेळण्याबद्दल 500. बेरीज 1,062. शिल्लक 621.50.

या कागदातल्या दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पैसे कसे दिले ते. हमी, भाडं, हॉटेल हे चेकने. खेळाडूंचा वाटखर्च आणि 500 डॉलर मात्र रोख. चेकवर नाव राहतं, रोखीवर राहत नाही. जे जगासमोर दाखवायचं नव्हतं ते रोखीत गेलं, आणि तरीही क्लबाच्या हिशेबनिसाने ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. माझ्या मते त्या हिशेबनिसाचे या खेळावर फार मोठे उपकार आहेत. दुसरी गोष्ट, डॉनेली आणि मॅली यांच्या नावापुढे खेळण्याची बिदागी नाही, फक्त वाटखर्च आहे. म्हणून या सामन्यात ‘तीन व्यावसायिक’ होते असं कुणी लिहिलं तर ते या कागदाला धरून नाही.

सुमारे 3,000 प्रेक्षक धरले तर माणशी साधारण 56 सेंट पडतात. 500 डॉलर वसूल व्हायला जवळपास 900 प्रेक्षकांचा गल्ला लागतो. आणि हेफेलफिंगर खेळणार हे आधी गुप्त ठेवलेलं, म्हणजे त्यांच्या नावावर जादा तिकिटं खपली असं म्हणता येत नाही. गर्दी वैराची होती, आणि तिला आकार दिला 6–6 च्या पहिल्या सामन्याने. थॉम्पसन यांनी ती रक्कम गर्दी खेचायला दिली नव्हती, सामना जिंकायला दिली होती. पैजा लावणाऱ्या सभासदांना मात्र पैजा रद्द झाल्याने काहीच मिळालं नाही. खर्चाचं कारण पैजा असतील तर बेत फसला. क्लबाची पत हे कारण असेल तर तो साधला.

आठवड्याभराने, 19 नोव्हेंबरला, क्लबाने डॉनेली यांना 250 डॉलर देऊन वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजविरुद्ध उतरवलं, आणि संघ 0–8 हरला. इथे पैसा का चालला नाही? डॉनेली एंडला खेळत, म्हणजे रांगेच्या टोकाला. वळसा घालून येणारी चाल थोपवायला एंड उपयोगी, पण मधून आदळणाऱ्या रेट्याला तो काय करणार? शिवाय कॉलेजचा संघ रोज एकत्र सराव करतो, नोकरदारांच्या क्लबाला ते जमत नाही. आपल्यासारख्याच दुसऱ्या क्लबाविरुद्ध एक भारी माणूस पारडं फिरवतो, पण चाली पक्क्या बसलेल्या अकरा जणांविरुद्ध तो एकटा पडतो. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हार्वर्डने येलविरुद्ध उडती पाचर (लांबून धावत येऊन पाचरीची रचना करणारी चाल) पहिल्यांदा काढली. अकरांनी एका ठेक्यात काय करता येतं याचा तो टोकाचा नमुना होता, आणि इतका घातक की 1894 मध्ये त्यावर बंदी आली.

आता राहिला ‘पहिला व्यावसायिक’ हा मुद्दा. पूर्वी हा मान जॉन ब्रेलियर यांना दिला जाई. 3 सप्टेंबर 1895 ला लॅट्रोब गावाच्या संघाकडून जेनेट गावाच्या संघाविरुद्ध ते 10 डॉलर आणि खर्च घेऊन खेळले, आणि लॅट्रोब 12–0 जिंकलं. अ‍ॅलेगेनीचा कागद उजेडात आल्यावर तारीख तीन वर्षं मागे गेली. हेफेलफिंगर 1954 मध्ये वारले, कागद त्यानंतरच चर्चेत आला. त्याआधी कुणाला रोख मिळालीच नसेल असं यातून सिद्ध होत नाही. घड्याळं आणि दुप्पट वाटखर्च देणारे क्लब वह्यांत तसं लिहीत नव्हते, एवढाच फरक.

1893 मध्ये पैसे देणं नित्याचं झालं. अ‍ॅलेगेनीने तिघांना दर सामन्याला 50 डॉलर दिले, पिट्सबर्गने एका खेळाडूशी पूर्ण हंगामाचा करार केला. एकदा 500 वर गेलेली किंमत 50 वर आली ती का, तर एका सामन्याची जोखीम विकत घेणं वेगळं आणि हंगामभर माणूस ठेवणं वेगळं. पुढे व्यावसायिकतेवरून अमेच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनने अ‍ॅलेगेनीला बाहेर काढलं. 1896 मध्ये लपवायचं काही उरलं नाही तेव्हा क्लबाने सगळा संघच पैसे देऊन उभा केला, फक्त दोन सामने घेतले आणि दोन्ही जिंकले. तो त्यांचा शेवटचा हंगाम. 1897 मध्ये लॅट्रोबने पूर्ण हंगाम पगारी संघ खेळवला, आणि 1898 मध्ये डुकेन क्लबाच्या संघाचा खर्च विल्यम चेस टेंपल यांनी एकट्याने उचलला. क्लबाच्या वर्गणीवर चालणारा संघ तिथून मालकाच्या हाती गेला.